आशुतोष मुखर्जी : विद्यापीठाच्या स्वायत्ततेसाठी उभा राहिलेला कुलगुरू

डिसेंबर १९२२. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील सिनेट हाउसच्या उंच खांबांमागे विद्यापीठाच्या सिनेटची बैठक भरली होती. विद्यापीठाची तिजोरी रिकामी झाली होती. पदव्युत्तर विभागातील अध्यापकांचे पगार महिनोन्महिने थकले होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले होते. परंतु त्या रकमेसोबत अटींची एक यादीही धाडली होती. अध्यक्षस्थानी बसलेल्या भारदस्त देहाच्या, झुपकेदार मिशांच्या कुलगुरूंनी त्या दिवशी सभागृहाला जे सांगितले त्याचा आशय इतकाच होता, की पैसे आणि स्वातंत्र्य यांतून एकच मिळणार असेल तर विद्यापीठाने पैसे नाकारावेत. अध्यापकांविषयीही ते बोलले. हे लोक उपाशी राहतील, पण आपले स्वातंत्र्य विकणार नाहीत, अशी ग्वाही त्यांनी दिली. सिनेटने अटी फेटाळल्या. अडीच लाख गेले.

ते कुलगुरू म्हणजे सर आशुतोष मुखर्जी. बंगालने त्यांना वाघ म्हटले आणि ती उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. त्यामुळे त्यांचे चरित्र बहुधा वाघाच्या डरकाळीपुरतेच सांगितले जाते. परदेशी सत्तेपुढे न वाकलेला माणूस हे त्यांचे चित्र खरेच आहे. मात्र विद्यापीठ चालवायचे कोणी, त्यात सरकारचा शब्द किती, शिकवणाऱ्यांचा किती आणि शिकणाऱ्यांचा किती, या प्रश्नांशी त्यांचा पस्तीस वर्षे जो संबंध आला, तो या चित्रात मावत नाही.

आशुतोष यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे नावाजलेले डॉक्टर होते, आई जगत्तारिणी देवी. घर भवानीपूरचे. मुलगा गणितात विलक्षण होता आणि विद्यार्थिदशेतच त्याचे गणितावरील लेखन इंग्लंडमधील नियतकालिकात छापून आले होते. १८८५ मध्ये गणितात आणि पुढच्या वर्षी पदार्थविज्ञानात त्यांनी एम.ए. केले आणि त्याच सुमारास प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळवली. ही शिष्यवृत्ती मुंबईतील कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून सुरू झाली होती. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही त्यांच्याच पैशातून उभा राहिला. मुंबईच्या तेजीतला पैसा कलकत्त्यातील बुद्धिमंतांच्या कामी आला, हा त्या काळचा एक सुखद योगायोग.

शिक्षण संपताच त्यांना सरकारी शिक्षण खात्यात अध्यापकाची जागा देऊ करण्यात आली. त्या खात्यात युरोपीय अध्यापकांची श्रेणी वेगळी आणि भारतीयांची वेगळी होती. काम एक, वर्ग एक, पगार मात्र निराळा. तरुण आशुतोषांनी बरोबरीचा दर्जा मागितला आणि तो मिळत नाही असे दिसताच नोकरी नाकारली. गणिताचा प्राध्यापक होण्याची त्यांची इच्छा तिथेच संपली आणि ते वकिलीकडे वळले. अध्यापकाला मानाने वागवले जात नाही तिथे विद्या टिकत नाही, हा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता.

वकिली चालू असतानाच विद्यापीठाने त्यांना ओढून घेतले. १८८९ मध्ये, वयाची पंचविशी पूर्ण होण्याआधीच, ते विद्यापीठाचे फेलो झाले आणि सिंडिकेटवर गेले. सिनेट म्हणजे विद्यापीठाची मोठी सभा आणि सिंडिकेट म्हणजे दैनंदिन कारभार पाहणारी छोटी समिती. त्या काळचे कलकत्ता विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. १८९१ मध्ये या तरुण सदस्याने उच्च परीक्षांत बंगाली आणि इतर देशी भाषांना स्थान द्यावे असा ठराव मांडला. तो पडला. आशुतोष ठराव विसरणाऱ्यांपैकी नव्हते. अठ्ठावीस वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच विद्यापीठात भारतीय भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला, तो त्यांच्याच प्रयत्नांतून.

१९०४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी लॉर्ड कर्झनचा भारतीय विद्यापीठ कायदा संमत झाला. कायद्याने सिनेटची सदस्यसंख्या शंभरावर आणली आणि कलकत्त्याच्या बाबतीत त्यांतील ऐंशी जागा कुलपतींच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, नेमणुकीसाठी राखल्या. पदवीधरांनी निवडायचे दहा, विद्याशाखांनी निवडायचे दहा. महत्त्वाच्या निर्णयांवर सरकारी मंजुरीची अट घातली गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती विधिमंडळात या विधेयकाला कलमागणिक विरोध केला. मुंबईत फिरोजशहा मेहता विरोधात उभे राहिले. या दोघांनाही त्यात विद्यापीठ सरकारी खाते होण्याची चिन्हे दिसत होती आणि ते चुकीचे नव्हते.

आशुतोषांनी मात्र त्याच कायद्यात एक फट पाहिली. विद्यापीठांना स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची व स्वतः शिकवण्याची मुभा त्यात दिलेली होती. कर्झनला त्या कलमाकडून फारशी अपेक्षा असावी असे वाटत नाही. आशुतोषांनी मात्र पुढची सारी इमारत त्याच कलमावर बांधली.

१९०६ मध्ये ते कुलगुरू झाले आणि सलग चार मुदती, १९१४ पर्यंत, त्या पदावर राहिले. पद मानद होते. दिवसा न्यायालय, सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ आणि रात्री भवानीपूरच्या घरी पुस्तके असा त्यांचा क्रम असे. नेमणूक सरकारने केली होती, सिनेटमध्ये बहुमत सरकारने नेमलेल्यांचे होते. तरीही त्या सिनेटला त्यांनी हळूहळू आपल्या बाजूला वळवले. सरकारकडून पैसा पुरेसा येत नाही म्हटल्यावर ते बंगाली धनिकांकडे गेले. ज्येष्ठ वकील तारकनाथ पालित यांनी सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता व रक्कम दिली, रासबिहारी घोष यांनी दहा लाख. या देणग्यांतून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर भारतीयच नेमले जावेत अशी देणगीदारांची अट होती. याच पैशातून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि २७ मार्च १९१४ रोजी त्याची कोनशिला आशुतोषांच्या हस्ते बसली.

माणसे हेरण्याची त्यांची नजर आजही अभ्यासण्यासारखी आहे. वित्त खात्यातील एक तरुण अधिकारी फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करत असे. त्याला त्यांनी पदार्थविज्ञानाचे पालित अध्यासन देऊ केले आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९१७ मध्ये मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून ते स्वीकारले. रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र राय आले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे तेव्हा विशीतले तरुण अध्यापक होते. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनासाठी त्यांनी पश्चिम भारतातील पुरातत्त्व खात्यातून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांना बोलावले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे हे पुत्र १९१७ पासून १९३६ पर्यंत कलकत्त्यात शिकवत राहिले. १९२१ मध्ये म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आले. प्रांत, जात, भाषा पाहून नेमणूक करण्याची त्यांची रीत नव्हती. बंगालमध्ये त्याबद्दल कुरकुरही झाली.

सरकारशी पहिली उघड ठिणगी नेमणुकांवरूनच पडली. १९१३ मध्ये विद्यापीठाने व्याख्याते म्हणून निवडलेल्या अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुहरावर्दी आणि काशीप्रसाद जायस्वाल या तिघांच्या नावांना भारत सरकारने राजकीय कारणांवरून मंजुरी नाकारली. विद्वत्तेविषयी आक्षेप नव्हता. कुलगुरूंनी कडक शब्दांत निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

ते पदावर नव्हते, पण त्यांच्याशिवाय कलकत्त्यात शिक्षणाचे पानही हलत नसे. म्हणूनच १९१६ च्या फेब्रुवारीत प्रेसिडेन्सी कॉलेजात स्फोट झाला तेव्हा सरकारने चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपवले. त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत आटोपला जाणारा हा प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे.

जानेवारीत इतिहासाचे इंग्रज प्राध्यापक ई. एफ. ओटेन यांनी व्हरांड्यात काही विद्यार्थ्यांना धक्काबुक्की केल्याची तक्रार झाली. वर्गाचा प्रतिनिधी असलेला एक विद्यार्थी प्राचार्य एच. आर. जेम्स यांच्याकडे गेला आणि प्राध्यापकाने माफी मागावी असे त्याने सुचवले. प्राध्यापकावर सक्ती करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी संप झाला. विद्यार्थ्यांना दंड करण्यात आला. संप लांबताच ओटेन स्वतः विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना भेटले आणि प्रकरण सलोख्याने मिटले. दंड मात्र कायम राहिला. जो प्राध्यापक विद्यार्थ्यांशी बोलायला तयार झाला त्याच्याशी समेट झाला, आणि ज्या कार्यालयाने बोलायचे नाकारले त्याने शिक्षा तशीच ठेवली. साधारण महिन्याने पुन्हा अशीच तक्रार झाली. या वेळी कोणी प्राचार्यांकडे गेले नाही. १५ फेब्रुवारी रोजी काही विद्यार्थ्यांनी ओटेन यांना महाविद्यालयातच मारहाण केली.

सरकारने महाविद्यालय बंद केले. प्राचार्य जेम्स यांचा शिक्षण खात्याच्या वरिष्ठांशी खटका उडाला आणि ते स्वतःच निलंबित झाले. तत्पूर्वी त्यांनी त्या वर्गप्रतिनिधीला बोलावून महाविद्यालयातून काढले होते. त्या विद्यार्थ्याचे नाव सुभाषचंद्र बोस. वय एकोणीस.

चौकशी समितीपुढे विद्यार्थ्यांची बाजू मांडणाऱ्यांत सुभाषचंद्र होते. अध्यक्ष आशुतोष असल्याने न्याय मिळेल, अशी मुलांची खात्री होती. समितीने त्यांना थेट विचारले, की ही मारहाण त्यांना समर्थनीय वाटते काय. त्यांनी उत्तर दिले, की ती समर्थनीय नव्हती, परंतु विद्यार्थ्यांना अतिशय डिवचले गेले होते. आणि मग गेल्या काही वर्षांत त्या महाविद्यालयात इंग्रज अध्यापक कसे वागले याची यादीच त्यांनी वाचली. विनाअट निषेध केला असता तर ते कदाचित सुटले असते. अहवालात विद्यार्थ्यांच्या बाजूने एक शब्दही नव्हता आणि नाव घेऊन उल्लेख केवळ आपलाच होता, असे सुभाषचंद्रांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयात शिकण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. १९१७ मध्ये विद्यापीठाने ती बंदी उठवली तेव्हा ते स्कॉटिश चर्च कॉलेजात दाखल झाले आणि १९१९ मध्ये तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

आशुतोषांना न्यायाधीशाची सवय होती. त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावले, ऐकून घेतले, त्यांचे म्हणणे नोंदवले. त्या काळी एवढेही फार थोड्या ठिकाणी होत असे. परंतु साक्षीदार म्हणून ऐकणे वेगळे आणि विद्यापीठाचा घटक म्हणून विचारणे वेगळे. त्यांच्या दृष्टीने विद्यार्थी हा विद्यापीठाचा हेतू होता. कारभारातला भागीदार नव्हता. पुढे १९२० च्या सुमारास विद्यापीठाने विद्यार्थिकल्याणाची योजना आखली आणि डॉक्टरांकरवी हजारो मुलांची तपासणी सुरू केली. त्यांची उंची, वजन, डोळे, दात सारे नोंदले गेले. सिनेटमध्ये मात्र त्यांच्यासाठी जागा नव्हती आणि ती असावी, असे आशुतोषांनी कधी सुचवल्याचे दिसत नाही.

अध्यापकांच्या बाबतीत त्यांनी जे केले ते मात्र त्या काळाच्या पुष्कळ पुढे होते. १९१६ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची पुनर्रचना सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींवरून १९१७ मध्ये नवे नियम लागू झाले. कला आणि विज्ञान यांच्यासाठी पदव्युत्तर अध्यापनाची दोन मंडळे स्थापन झाली. या मंडळांत कोण बसणार? विद्यापीठात पदव्युत्तर वर्गांना शिकवणारे सगळे अध्यापक. सोबत सिनेटकडून आणि विद्याशाखांकडून आलेले मोजके सदस्य. अभ्यासक्रम, परीक्षक, ग्रंथ, नेमणुकांच्या शिफारशी हे सारे प्रत्येक विषयाच्या अध्यापकांच्या मंडळातून निघून कार्यकारी समितीकडे आणि तिथून सिंडिकेट व सिनेटकडे जाई. कार्यकारी समितीची निवडही मुख्यतः अध्यापकच करीत.

ज्या सिनेटमध्ये ऐंशी टक्के सदस्य नेमलेले होते, त्याच विद्यापीठाच्या पोटात अध्यापकांनी चालवायचे दुसरे एक सभागृह उभे राहिले. प्रफुल्लचंद्र रायांसारखा ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि कालपरवा एम.एस्सी. झालेले साहा किंवा बोस एकाच मंडळाचे सदस्य. अध्यापकांची संघटना हा शब्दही विद्यापीठांत रूढ नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. नेमणुकीच्या पत्राबरोबरच शिकवणाऱ्याला कारभारात मत मिळत होते.

मात्र या दोन्ही मंडळांचे अध्यक्ष होते स्वतः आशुतोष. ते कुलगुरू असोत वा नसोत, ही खुर्ची त्यांनी मृत्यूपर्यंत सोडली नाही. टीकाकारांचे बोट नेमके इथे होते. रामानंद चटर्जी यांच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकातून विद्यापीठाच्या कारभारावर सातत्याने आसूड ओढले गेले. शिवाजी महाराजांच्या चरित्रामुळे आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या स्नेहामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले इतिहासकार जदुनाथ सरकार हेही कठोर टीकाकारांपैकी एक. त्यांचे आक्षेप तीन प्रकारचे होते. विभाग झपाट्याने वाढवले, पण पैशाची तरतूद केली नाही. परीक्षाशुल्कावर विद्यापीठ चालत असल्याने उत्तीर्णांची संख्या वाढली आणि दर्जा खाली आला. आणि मंडळात मत सर्वांना असले तरी ज्याने नेमणूक दिली त्याच्यासमोर हात वर करून विरोध करणारे कितीसे असणार? पहिले दोन आक्षेप हिशेबाचे आहेत आणि त्यांवर वाद होऊ शकतो. तिसरा अधिक खोलवर जाणारा आहे. अध्यापकांना सत्ता दिली, परंतु ती सत्ता देणाऱ्याच्या सावलीत राहिली, ही वस्तुस्थिती आशुतोषांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. तरीही माणूस गेल्यावर सावली जाते आणि नियम उरतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

१९१७ मध्येच सरकारने लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोग नेमला. आशुतोष आणि अलिगढचे झियाउद्दीन अहमद हे त्यातील भारतीय सदस्य. आयोगाचा १९१९ मधील तेरा खंडांचा अहवाल सरकारी हस्तक्षेप कमी करावा, व्यापक प्रतिनिधित्व असलेली सभा आणि विद्याविषयक निर्णयांसाठी अध्यापकांची परिषद असावी, पूर्णवेळ वेतनी कुलगुरू नेमावा असे सुचवत होता. ढाक्याचे नवे विद्यापीठ १९२१ मध्ये त्याच आराखड्यावर उघडले. ज्या विद्यापीठासाठी आयोग नेमला त्या कलकत्त्यात मात्र या शिफारशी पैशाअभावी कागदावर राहिल्या.

पैशाची तंगी खरी होती. १९१७ मध्ये पाटणा, १९२० मध्ये रंगून आणि पाठोपाठ ढाका अशी नवी विद्यापीठे निघाली आणि कलकत्त्याचे क्षेत्र आक्रसले. असहकाराच्या चळवळीत विद्यार्थ्यांनी सरकारी शिक्षणावर बहिष्कार घातला. विद्यापीठाला गुलामखाना म्हटले गेले. परीक्षाशुल्काचे उत्पन्न घटले. आशुतोषांनी बहिष्काराला विरोध केला. विद्यापीठ ओस पाडून स्वराज्य येणार नाही, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी लोकप्रियतेची पर्वा न करता धरून ठेवले. अशा काळात, १९२१ च्या एप्रिलमध्ये, ते पुन्हा कुलगुरू झाले.

राज्यव्यवस्थाही बदलली होती. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण हे खाते प्रांतातील भारतीय मंत्र्यांकडे आले होते. बंगालचे शिक्षणमंत्री प्रभासचंद्र मित्र होते आणि विद्यापीठाचे कुलपतीपद आता व्हाइसरॉयऐवजी बंगालच्या गव्हर्नरकडे होते. त्यामुळे १९२२ च्या झगड्यात एका बाजूला परका सत्ताधीश आणि दुसऱ्या बाजूला देशी विद्वान असे सोपे चित्र नाही. विधिमंडळात निवडून आलेले भारतीय सदस्यही विद्यापीठाच्या उधळपट्टीवर तुटून पडत होते. जनतेचा पैसा मागता तर हिशेब द्या, असे मंत्री म्हणत होते आणि त्या मागणीत गैर काही नव्हते. परंतु अटी हिशेबापाशी थांबल्या नाहीत. दरमहा जमाखर्चाची पत्रके सरकारला सादर करावीत, आर्थिक घडी बसेपर्यंत खर्च वाढवणारा कोणताही विस्तार करू नये, असे त्यांत होते. नवा विभाग काढायचा की नाही, नवा अध्यापक नेमायचा की नाही, हे मग सचिवालयात ठरणार होते. अध्यापकांच्या मंडळांना काय काम उरले असते?

डिसेंबरच्या त्या सभेत आशुतोषांनी स्वातंत्र्य हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. घरोघर फिरून भीक मागू, पदव्युत्तर अध्यापक उपाशी राहतील, पण या अटी नकोत, असा त्यांचा सूर होता. ते भाषण विद्यापीठीय स्वायत्ततेच्या इतिहासात अजरामर झाले आहे. ते वाचताना एक गोष्ट मात्र मनात डाचते. उपाशी राहण्याची ग्वाही देणारा वक्ता उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. त्याचा पगार थकलेला नव्हता. ज्यांच्या वतीने ती दिली गेली त्यांच्या घरी वाण्याची उधारी वाढत होती. ग्वाही खोटी ठरली नाही, हे अध्यापकांचे श्रेय. पगाराविना वर्ग चालू राहिले. प्रफुल्लचंद्र रायांनी तर १९२१ मध्ये, साठी गाठल्यावर, आपला पुढील सारा पगार रसायनशास्त्र विभागाला देऊन टाकला होता. पण राय अविवाहित होते आणि त्यांच्या गरजा विरक्ताच्या होत्या. विशीतिशीतल्या संसारी व्याख्यात्याचे तसे नव्हते. त्या व्याख्यात्यांची नावे या कथेत सहसा येत नाहीत.

पुढचा अंक १९२३ च्या मार्चमध्ये घडला. विद्यापीठाची रचना बदलणारी विधेयके पुढे आली होती आणि आशुतोष त्यांच्याविरुद्ध सर्व मार्गांनी लढत होते. त्यांची मुदत संपत आली होती. गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी पत्र लिहून फेरनेमणुकीची तयारी दर्शवली. मात्र त्यासाठी सरकारला विरोध सोडून सहकार्याची हमी द्यावी, असे सुचवले. विरोधासाठी ते सॅडलर यांच्याकडे, भारत सरकारकडे, आसामच्या गव्हर्नरकडे आणि वृत्तपत्रांकडे गेल्याचा ठपकाही त्यात होता. आशुतोषांनी २६ मार्च रोजी लांबलचक उत्तर पाठवले. प्रत्येक आरोप खोडून काढल्यावर त्यांनी शेवटी कळवले, की अशा अटींवर देऊ केलेले पद हा आपला अपमान आहे आणि ते आपण स्वीकारत नाही. दोन्ही पत्रे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली आणि बंगालभर खळबळ माजली. काँग्रेसचे माजी अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू हे नवे कुलगुरू झाले. ती विधेयके कायद्यात उतरली नाहीत. कर्झनच्या कायद्याची चौकट कलकत्त्यात १९५१ चा नवा कायदा येईपर्यंत टिकून राहिली आणि तिच्या आत १९१७ ची अध्यापकांची मंडळेही काम करत राहिली.

कुलगुरूपद गेले तरी मंडळांचे अध्यक्षपद आणि सिनेटमधील जागा होती. आशुतोष नित्याप्रमाणे येत राहिले. न्यायासनावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा वकिलीचा झगा चढवला आणि डुमराव संस्थानाच्या एका मोठ्या दाव्यासाठी ते पाटण्याला गेले. तिथेच अल्पशा आजारानंतर २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. साठावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

त्यांचे पार्थिव रेल्वेने कलकत्त्याला आणण्यात आले. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत न्यायाधीश होते, वकील होते, असहकारात विद्यापीठ सोडून गेलेले तरुण होते, आणि पदव्युत्तर विभागातील अध्यापकही होते. दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, कुलगुरूच्या खुर्चीत जदुनाथ सरकार आले. ज्या मंडळांच्या कारभारावर त्यांनी इतकी वर्षे टीका केली होती, त्यांच्याशीच आता त्यांना रोज गाठ घ्यायची होती.